एक रुग्ण, एक केसपेपर : समन्वित चिकित्सालयाचे कामकाज

नवी मुंबईच्या उभारणीसाठी १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीकाठची शेते व मिठागरे यांच्या परिसरात एक नियोजित शहर आकार घेऊ लागले. या शहरातील सीबीडी बेलापूर हा विभाग मुख्यत्वे कचेऱ्यांचे केंद्र म्हणून आखण्यात आला. कोकण भवन, सिडको भवन आणि महानगरपालिकेचे मुख्यालय याच विभागात आहेत. बेलापूर गाव, आग्रोळी, शहाबाज, दिवाळे ही आगरी व कोळी समाजाची मूळ गावेही याच परिसरात नांदत आहेत. नोकरीच्या निमित्ताने कोकण, देश, खानदेश, विदर्भ येथून व परप्रांतांतून आलेली कुटुंबे आणि पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहणारे भूमिपुत्र अशी ही संमिश्र वस्ती आहे.

अशा वस्तीत प्रत्येक कुटुंब आपापली उपचाराची रीतही बरोबर घेऊन येते. रक्तदाबासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी सकाळी घेतली जाते. गुडघेदुखीसाठी वैद्यांचे चूर्ण दुपारी. नातवाच्या सर्दीसाठी आणलेल्या होमिओपॅथीच्या साखरगोळ्यांपैकी चार आजीही घेते. आणि रात्री गावाहून आलेला काढा असतोच. यांत वावगे काही नाही. अडचण निराळीच आहे. हे सर्व उपचार एकाच शरीरात जातात, परंतु त्यांची एकत्र नोंद कोणत्याही कागदावर नसते. रुग्ण डॉक्टरांना काढ्याविषयी सांगत नाही, कारण ते रागावतील अशी त्याला भीती वाटते; आणि वैद्यांना गोळ्यांविषयी सांगत नाही, कारण काढा हे औषधच आहे व गोळी ही निराळी बाब आहे अशी त्याची समजूत असते. ही उणीव भरून काढण्याचा एक मार्ग म्हणजे समन्वित चिकित्सालय होय. तेथील चिकित्सक काम कसे करतात, त्यांच्यावर कोणती बंधने असतात आणि या व्यवस्थेपासून काय अपेक्षा बाळगावी, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचा उद्देश आहे.

पूर्वपीठिका

निरनिराळ्या चिकित्सापद्धतींनी एकत्र यावे हा विचार नवा नाही. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४८ साली देशी व आधुनिक वैद्यकाच्या संयोगाची शिफारस केली होती. त्यानंतर अनेक प्रांतांत मिश्र अभ्यासक्रम चालविण्यात आले. पुढे शुद्ध आयुर्वेदाचा आग्रह धरणारा पक्ष प्रबळ झाला आणि १९६३ सालच्या व्यास समितीने त्यास पाठिंबा दिला. १९७० साली भारतीय चिकित्सापद्धतींसाठी व १९७३ साली होमिओपॅथीसाठी केंद्रीय परिषदांचे कायदे झाले. या दोन्ही कायद्यांची जागा आता २०२० सालच्या राष्ट्रीय आयोगांच्या कायद्यांनी घेतली आहे. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने प्राथमिक आरोग्य केंद्रे व रुग्णालये यांमध्ये आयुष चिकित्सकांना आधुनिक डॉक्टरांच्या शेजारी बसविण्याचे धोरण स्वीकारले, आणि २०१४ साली केंद्रात स्वतंत्र आयुष मंत्रालय स्थापन झाले.

मुंबईला या विषयाची स्वतःची परंपरा आहे. वरळी येथील पोदार आयुर्वेद महाविद्यालय १९४१ सालापासूनचे आहे. परळ येथील के. ई. एम. रुग्णालय व सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय ही आधुनिक वैद्यकाची संस्था असूनही तेथे १९८९ साली आयुर्वेद संशोधन केंद्र सुरू करण्यात आले. म्हणजेच दोन शास्त्रांनी एकमेकांकडे जिज्ञासेने पाहण्याची सवय या महानगरात रुजलेली आहे.

समन्वय म्हणजे काय आणि काय नव्हे

‘एकाच छताखाली सर्व उपचार’ असा फलक लावला म्हणजे समन्वय साधला असे होत नाही. प्रत्यक्षात तीन प्रकारच्या व्यवस्था आढळतात. पहिल्या प्रकारात निरनिराळे चिकित्सक एकाच इमारतीत बसतात, पण त्यांचा परस्परांशी संबंध नसतो. हे केवळ शेजार होय. दुसऱ्या प्रकारात एकच चिकित्सक सर्व पद्धतींची औषधे मिसळून देतो. ही सरमिसळ होय आणि तीत धोका अधिक आहे. तिसऱ्या प्रकारात प्रत्येक चिकित्सक आपापल्या शास्त्राच्या मर्यादेत राहतो, परंतु रुग्णाची माहिती सर्वांपुढे एकत्र असते, उपचारांची योजना सर्वांच्या विचाराने ठरते आणि तिची जबाबदारी कोणावर आहे हे आधीच निश्चित असते. खरा समन्वय हाच.

या तिसऱ्या प्रकाराचे एक चांगले उदाहरण केरळमधील कासारगोड येथे पाहावयास मिळते. तेथील उपयोजित त्वचारोगशास्त्र संस्थेत हत्तीरोगामुळे सुजलेल्या पायांवर आधुनिक त्वचारोगतज्ज्ञ, वैद्य, होमिओपॅथ व योगशिक्षक मिळून उपचार करतात. पायाची स्वच्छता व जंतुसंसर्गावरील औषधे, आयुर्वेदीय तेलाचे मर्दन, योगाभ्यास आणि दाब देणारी पट्टी यांचा क्रम ठरलेला असतो, आणि घरी गेल्यावर यांपैकी कोणती कामे आपण स्वतः करावयाची हे रुग्णास शिकविले जाते. येथे कोणत्याही शास्त्राने दुसऱ्याची जागा घेतलेली नाही. प्रत्येकाने आपला वाटा उचलला आहे.

कामाची रीत

अशा चिकित्सालयात काम कसे चालते हे समजण्यासाठी एक कल्पित, परंतु नेहमीच्या व्यवहारातील उदाहरण घेऊ. बेलापूरच्या एका कचेरीत काम करणाऱ्या बावन्न वर्षांच्या बाई गुडघेदुखीसाठी चिकित्सालयात येतात. त्यांना रक्तदाबाचा विकार आहे. गोळ्या नियमित घेऊनही गेल्या तीन महिन्यांत रक्तदाब आटोक्यात येत नाही, म्हणून गोळीची मात्रा वाढविण्याचा विचार चालू आहे.

प्रथम भेट घेणाऱ्या चिकित्सकाचे पहिले काम म्हणजे विचारणे. आपण कोणते औषध घेता, एवढे विचारून भागत नाही. काढा, चूर्ण, आसव, तेल, मलम, गावाहून आलेली मुळी, मैत्रिणीने दिलेल्या गोळ्या यांतील प्रत्येकाचे नाव घेऊन विचारावे लागते, आणि तेही दोष देण्याचा सूर न लावता. शक्य तर घरातील सर्व औषधांची पिशवी पुढच्या वेळी बरोबर आणावयास सांगतात. या बाईंच्या पिशवीत खोकल्यासाठी सुरू केलेला व सवयीने चालू राहिलेला ज्येष्ठमधाचा काढा निघतो.

ज्येष्ठमध दीर्घकाळ व अधिक प्रमाणात घेतल्यास शरीरात पाणी व मीठ साठते, रक्तातील पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. वैद्य ही गोष्ट केसपेपरवर लिहितात आणि त्याच दिवशी आधुनिक डॉक्टरांना कळवितात. आता गोळीची मात्रा वाढविण्याऐवजी काढा बंद केला जातो, पोटॅशियमची तपासणी होते आणि ठरावीक दिवसांनी रक्तदाब पुन्हा मोजला जातो. गुडघ्यांसाठी वैद्य स्नेहन-स्वेदन सुचवितात, भौतिकोपचारतज्ज्ञ मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकवितात, आणि दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या कमी करण्याचा प्रयत्न होतो, कारण त्यांपैकी अनेक गोळ्यांनीही रक्तदाब वाढतो व मूत्रपिंडावर ताण येतो.

या उदाहरणात कोणताही चमत्कार घडलेला नाही. जे घडले ते एका प्रश्नाने व एका कागदाने. म्हणून समन्वित चिकित्सालयात काम करणाऱ्याने पुढील शिस्त पाळणे अगत्याचे ठरते :

(१) एका रुग्णाचा एकच केसपेपर असावा व तो सर्व चिकित्सकांनी वाचावा.
(२) प्रत्येक औषधाचे नाव, घटक, मात्रा व सुरू केल्याची तारीख स्पष्ट अक्षरांत लिहावी. ‘पुडी क्रमांक ३’ अशी नोंद निरुपयोगी आहे.
(३) रोगनिदान दोन्ही परिभाषांत लिहावे. वैद्यांचा ‘आमवात’ आणि डॉक्टरांचा ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ यांत साम्य असले तरी ते शब्द सर्वस्वी समानार्थी नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेनेही रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध व युनानी परिभाषेचा समावेश २०२४ साली केला आहे.
(४) प्रत्येक रुग्णाचा एक प्रमुख चिकित्सक निश्चित असावा. अनेकांची जबाबदारी ही कोणाचीच जबाबदारी नसते.
(५) गुंतागुंतीच्या रुग्णांविषयी आठवड्यातून एकदा तरी सर्वांनी एकत्र बसून चर्चा करावी.
(६) उपचार किती दिवसांत, कोणत्या लक्षणांवरून तपासावयाचा आणि गुण न आल्यास काय करावयाचे, हे आरंभीच ठरवून रुग्णास सांगावे.

औषधांची परस्परक्रिया

वनस्पतिजन्य औषध निरुपद्रवी असते, हा समज सुशिक्षितांमध्येही दृढ आहे. या समजाला छेद देणारा एक महत्त्वाचा अनुभव मुंबईतच नोंदविला गेला. अपस्मारासाठी फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांचे झटके काही कारण नसताना पुन्हा सुरू झाले. चौकशीअंती ते शंखपुष्पीचे सिरप घेत असल्याचे आढळले. जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले, तेव्हा हे सिरप सतत दिल्यास रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण घटते असे दिसून आले. हे संशोधन १९९२ साली प्रसिद्ध झाले. विशेष म्हणजे त्या सिरपमध्ये स्वतःचाही काही झटकेरोधक गुण आढळला होता. म्हणजे एकेकटी घेतल्यास उपयोगी पडू शकणारी दोन औषधे एकत्र आल्याने रुग्णाचे नुकसान झाले.

उलट दिशेचेही उदाहरण आहे. सुंठ, मिरी व पिंपळी यांच्या त्रिकटूतील पायपेरिन हे द्रव्य फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल, थिओफायलिन यांसारख्या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवू शकते. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर रक्तशर्करा उतरविणारी वनस्पती घेतल्यास शर्करा अपायकारक पातळीपर्यंत खाली जाण्याचा संभव असतो. सांधेदुखीवरील निनावी चूर्णांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार तर अनेक ठिकाणी उघडकीस आले आहेत. असे चूर्ण दीर्घकाळ घेऊन एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. या सर्व बाबतींत औषध चांगले की वाईट हा प्रश्न अपुरा ठरतो. ते कोणाला, कशाबरोबर आणि कोणाच्या देखरेखीखाली दिले, हे पाहावे लागते. अशा औषधाचा दुष्परिणाम झाल्याचा संशय आल्यास तो कळविण्यासाठी आयुष औषधांची स्वतंत्र दक्षता यंत्रणा आहे. तिचा उपयोग करणे हे चिकित्सकाचे कर्तव्य होय.

पुराव्याची कसोटी

समन्वयासाठी सर्व चिकित्सकांना मान्य होईल अशी एक कसोटी लागते. परंपरेने दिशा दाखवावी व प्रयोगाने पारख करावी, ही ती कसोटी. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडला आणि एका देशी मुळीकडे जगाचे लक्ष वेधले. पुढे तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले व ते जगभर वापरले गेले. त्याच्या वापराने काही रुग्णांना नैराश्य येते असेही पुढे दिसून आले, आणि मात्रेविषयी सावधगिरी बाळगण्यात आली.

भगंदरावरील क्षारसूत्राची भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अनेक केंद्रांवर शस्त्रक्रियेशी तुलना केली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार क्षारसूत्राने जखम भरण्यास सुमारे ८ आठवडे, तर शस्त्रक्रियेने सुमारे ४ आठवडे लागले. मात्र रोग उलटण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के व शस्त्रक्रियेत ११ टक्के होते. असे आकडे पुढे ठेवले म्हणजे रुग्णाला स्वतःच निवड करता येते. पुण्यातील संधिवात केंद्राच्या पुढाकाराने गुडघ्यांच्या झिजेवर झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आयुर्वेदीय योग प्रचलित औषधांच्या तोडीचे ठरले. त्याच चाचणीत काही रुग्णांमध्ये यकृताशी संबंधित एका घटकाचे रक्तातील प्रमाण वाढल्याचेही आढळले. याउलट, २००३ साली अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत गुग्गुळाच्या अर्काने कोलेस्टेरॉल उतरविण्याची अपेक्षा पूर्ण केली नाही. अनुकूल व प्रतिकूल असे दोन्ही निष्कर्ष सारख्याच प्रांजळपणे स्वीकारणे, हीच समन्वित चिकित्सकाची खरी परीक्षा होय.

कायद्याची मर्यादा

महाराष्ट्रात आयुर्वेद व युनानी चिकित्सकांची नोंदणी १९६१ च्या अधिनियमान्वये होते. राज्य शासनाने १९९२ साली काढलेल्या अधिसूचनेनुसार विवक्षित अर्हता असलेल्या आयुर्वेद पदवीधरांना आधुनिक औषधे वापरण्याची मुभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली असा निर्णय दिला की, ज्या राज्याच्या कायद्याने अशी मान्यता दिली असेल त्याच राज्यात ती मुभा राहील. होमिओपॅथीच्या पदवीधरांना आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर मर्यादित परवानगी देणारी दुरुस्ती २०१४ साली करण्यात आली. तिला डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला व न्यायालयात आव्हानही दिले गेले.

मुंबईतील एका होमिओपॅथने तापाच्या रुग्णास आधुनिक औषधे दिल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिलेला निकाल प्रत्येक चिकित्सकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. जे शास्त्र आपण शिकलो नाही त्या शास्त्राचा उपचार करणे हाच मुळी निष्काळजीपणा होय, असे त्या निकालाचे तात्पर्य आहे. समन्वित चिकित्सालय ही या मर्यादेतून सुटण्याची पळवाट नव्हे. उलट, शेजारच्या खोलीत जाणकार बसलेला असल्यामुळे मर्यादा पाळणे तेथे सोपे होते.

अडचणी

या व्यवस्थेत अडचणीही आहेत. अनेक ठिकाणी आयुष पदवीधरांना रात्रपाळीवर अल्प वेतनात नेमले जाते. त्यांच्याकडून आधुनिक उपचारांची कामे करून घेतली जातात आणि त्यांच्या स्वतःच्या शास्त्राला मात्र वाव मिळत नाही. याला समन्वय म्हणता येणार नाही. दुसरीकडे, आपल्या उपचारावरील श्रद्धेपोटी रुग्णास वेळेवर पुढे न पाठविणारे चिकित्सकही आढळतात. काही फलकांआड तर औषधे व तपासण्या खपविण्याचाच उद्देश असतो. वेळ ही आणखी एक अडचण आहे. सविस्तर विचारपूस करण्यास लागणारी वीस-पंचवीस मिनिटे गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात कोठून काढावयाची, हा प्रश्न उरतोच. निदान औषधांची यादी करण्याचे काम प्रशिक्षित परिचारिकेकडे सोपविल्यास हा भार बराच हलका होतो.

काही प्रसंगी मात्र विचारविनिमयासाठी थांबण्यासही सवड नसते. छातीत दुखणे, शरीराची एक बाजू एकाएकी लुळी पडणे, सर्पदंश व विंचूदंश, प्रसूतीतील रक्तस्राव, लहान मुलास धाप लागणे या प्रसंगी सुसज्ज रुग्णालय हाच पहिला उपचार होय. क्षयरोगात ठरलेली औषधे पूर्ण मुदतीपर्यंत घेतलीच पाहिजेत. अन्य उपचार त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची माहिती शासनास कळविणे २०१२ पासून सर्व पद्धतींच्या चिकित्सकांवर बंधनकारक आहे.

सर्वांचा वाटा

बेलापूरच्या कचेरीतील बाईंना जी सोय मिळू शकते ती रायगड किंवा रत्नागिरीतील खेड्यापर्यंत पोहोचविण्यासाठी मोठ्या इमारतीची गरज नाही. राज्यातील अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत आयुर्वेद पदवीधर वैद्यकीय अधिकारी आहेत आणि अनेक उपकेंद्रांतही असे पदवीधर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करीत आहेत. दोन्ही परिभाषा जाणणारा माणूस गावाच्या उंबरठ्यावर आहेच. त्याच्या हाती रुग्णाच्या सर्व औषधांची यादी देणे एवढेच आपले काम आहे.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी आरोग्यविषयक बैठकीत हा विषय घ्यावा आणि निनावी पुड्या विकणाऱ्या फिरत्या विक्रेत्यांची माहिती अन्न व औषध प्रशासनास कळवावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून घरातील वडीलधाऱ्यांच्या औषधांची यादी एका कागदावर लिहून घेण्यास सांगावे व तो कागद घरातच, औषधांच्या डब्यात ठेवण्याची सवय लावावी. अधिकाऱ्यांनी आपल्या अखत्यारीतील आरोग्य केंद्रांत आयुष विभागाचा व बाह्यरुग्ण विभागाचा केसपेपर एकच आहे की निराळा, याची एकदा पाहणी करावी.

रुग्ण वैद्यांकडे जावो, डॉक्टरांकडे जावो किंवा होमिओपॅथकडे जावो, त्याचे शरीर एकच असते. त्याच्यावर चाललेल्या सर्व उपचारांची नोंदही एकाच कागदावर असावी, एवढी साधी गोष्ट जेथे पाळली जाते तेथे समन्वित चिकित्सेचा आरंभ झाला असे समजावे.